टोळाच्या डोळ्यावरून गाडीचा धडक-अलार्म: एक प्रकरण अभ्यास

टोळ कोट्यवधींच्या थव्यात उडतात आणि एकमेकांवर क्वचितच आपटतात. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर भागात टोळधाड आली तेव्हा ज्यांनी ती पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको, आकाश भरलेलं होतं आणि तरी प्रत्येक किडा आपली वाट काढत चाललेला. मग त्यांच्या डोक्यात जे चालतं ते उचलून गाडीच्या कॅमेऱ्यामागे का बसवू नये? इंग्लंडमधलं न्यूकॅसल विद्यापीठ, स्पेनमध्ये सेव्हिलला असलेली मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सवाली मंडळी आणि स्वीडनची व्होल्वो कार्स यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत युरोपियन युनियनच्या पैशावर हे खरोखर करून बघितलं. प्रोजेक्टचं नावही लोकस्ट, म्हणजे टोळच.

हे प्रकरण मला खूप शिकवणारं वाटतं, कारण यात कोणी चुकीचं विज्ञान केलं नाही, उलट विज्ञान एकदम पक्कं होतं, आणि तरीही प्रयोगशाळेतून रस्त्यावर येताना जी अडचण आली ती आज पुण्यात, चाकणला ॲडासवर, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या गाडीतल्या सिस्टीमवर काम करणाऱ्या कुठल्याही टीमला रोज येते. खालची माहिती प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरची आहे, टीममधल्या लोकांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. निर्णय कसे झाले याचा अर्थ लावलाय तो माझा.

पार्श्वभूमी

टोळाच्या मेंदूत दोन्ही बाजूंना एकेक मोठी मज्जापेशी असते, तिला शास्त्रज्ञ एलजीएमडी म्हणतात. १९७४ मध्ये तिचं नीट वर्णन झालं. डोळ्याच्या हजारो छोट्या भिंगांकडून येणारी माहिती या एका पेशीत गोळा होते आणि तिचा प्रत्येक ठोका, म्हणजे विजेचा छोटा झटका, पुढच्या पेशीत जसाच्या तसा एकास एक उतरतो, तिथून थेट पंख आणि पाय हलवणाऱ्या भागाकडे. म्हणजे बघण्यापासून पळण्यापर्यंत मध्ये फार टप्पेच नाहीत.

१९९२ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी टोळासमोर एका गाजलेल्या अंतराळ-सिनेमातले तुकडे लावले आणि या पेशीचे ठोके मोजले. सिनेमा निवडायचं कारण अगदी साधं होतं, त्यात पडद्यातून अंगावर येणारी यानं भरपूर. वस्तू सरळ अंगावर येत असेल तर पेशी जोरात आणि वाढत्या वेगानं ठोके देते, बाजूनं निघून जात असेल किंवा लांब जात असेल तर फारच कमी. या कामाला २००५ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार बक्षीस मिळालं, लोक हसले, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण एक पेशी, एक प्रश्न, एक उत्तर असं इतकं स्वच्छ उदाहरण मेंदूच्या अभ्यासात सहज सापडत नाही.

१९९६ मध्ये त्याच गटातून या पेशीच्या जोडण्यांवर आधारलेलं कॉम्प्युटर मॉडेल आलं. मग २००० मध्ये ते मॉडेल झुरिकमधल्या टीमबरोबर खेपेरा नावाच्या तळहातावर मावणाऱ्या रोबोला जोडलं गेलं आणि तो रोबो समोरचे अडथळे चुकवत फिरला. इथपर्यंत सगळं छान.

हे चालतं कसं

हे समजल्याशिवाय पुढची अडचण समजणार नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

समजा पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक काळा चौकोन आहे. आत्ताच्या फ्रेममधून मागची फ्रेम वजा केली की जे बदललं तेवढंच उरतं, म्हणजे चौकोनाच्या कडा. आता बदललेला प्रत्येक पिक्सेल दोन कामं करतो. एक, 'इथे काहीतरी हललं' असा सिग्नल लगेच पुढे पाठवतो. दोन, आपल्या आजूबाजूच्या पिक्सेलना गप्प करणारा सिग्नल पाठवतो, पण हा दुसरा सिग्नल एक फ्रेम उशिरा पोचतो. चौकोन हळूहळू वाढत असेल तर कड शेजारच्या पिक्सेलवर सरकते तेव्हा तिथे गप्प करणारा सिग्नल आधीच येऊन बसलेला असतो, दोन्ही एकमेकांना खातात आणि हातात जवळपास काही उरत नाही. चौकोन वेगानं वाढत असेल तर कड एका फ्रेममध्ये चार-पाच पिक्सेल पुढे उडी मारते, गप्प करणाऱ्या सिग्नलची पोच तेवढी नसते, त्यामुळे सिग्नल शाबूत राहतो. त्यात अंगावर येणाऱ्या वस्तूची कड लांबतही जाते, म्हणजे असे वाचलेले पिक्सेल फ्रेमगणिक वाढतात. त्या सगळ्यांची बेरीज एका ठरलेल्या पातळीच्या वर गेली आणि सलग काही फ्रेम तशीच राहिली की अलार्म.

वरून अजून एक सोय आहे. दृश्याचा मोठा भाग एकदम बदलला, म्हणजे गाडीच वळली किंवा अचानक उजेड पडला, तर एक वेगळी वाट सगळ्या पेशीलाच दाबून टाकते.

यात कुठेही 'ही गाडी आहे', 'हा माणूस आहे' असं ओळखणं नाही. अंतर मोजणंही नाही. फक्त कडा आणि त्यांची शर्यत. गणित इतकं हलकं की त्या काळच्या छोट्याशा चिपवरही बसेल, आणि सेव्हिलच्या टीमचं काम नेमकं तेच होतं, हे सगळं कॅमेऱ्याच्या चिपमध्येच कसं कोंबायचं. २००३-०४ च्या सुमाराला आजच्यासारखे दमदार प्रोसेसर गाडीत नव्हते, त्यामुळे हा हलकेपणा फार मोलाचा होता.

अडचण

रोबो सेकंदाला काही सेंटीमीटर चालतो, त्याच्या रिंगणात मोजके ठोकळे असतात आणि उजेड सारखा असतो. रस्त्यावर यातलं काहीच नसतं.

मॉडेलला गाडीतून काढलेले व्हिडिओ दाखवले तेव्हा धडक ते ओळखत होतं, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. पण बाजूनं आडवी जाणारी गाडी, शेजारून निघून जाणारं वाहन, अशा धडक नसलेल्या हालचालींनाही ते बऱ्याचदा अलार्म देत होतं. आणि कारण वरच्याच वर्णनात आहे. बाजूनं जवळून जाणारी वस्तू कॅमेऱ्यात फार वेगानं सरकते, तिच्या कडाही उड्या मारत जातात, त्यामुळे गप्प करणारा सिग्नल त्यांनाही पकडू शकत नाही. टोळाच्या डोळ्यात हा फरक बराच चांगला पडतो, साध्या केलेल्या मॉडेलमध्ये तो पुसट झाला.

दुसरी अडचण मला स्वतःला जास्त महत्त्वाची वाटते. खऱ्या टोळात ही पेशी सगळ्यात जोरात ठोके देते ती वस्तूनं डोळ्यात ठराविक कोन व्यापल्यानंतर थोड्याच वेळात, आणि हा कोन ढोबळमानानं १५ ते ४० अंशांदरम्यान मोजला गेलाय. आपण २४ अंश धरू आणि हिशोब करू. समोर १.८ मीटर रुंदीची गाडी उभी आहे. ती २४ अंश व्यापते तेव्हा अंतर उरलेलं असतं साधारण ४.२ मीटर. आपण ताशी ५० किमीनं जात असू तर सेकंदाला जवळपास १४ मीटर, म्हणजे हातात वेळ ०.३ सेकंद. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला, ड्रायव्हरला विचार करायला शून्य वेळ लागला असं मानलं, तरी थांबायला १२ मीटर लागतात. बारा मीटरवर तीच गाडी जेमतेम साडेआठ अंश दिसते, आणि अर्धा मीटर रुंदीचा माणूस अडीच अंशसुद्धा नाही.

टोळ हवेत आहे, हलका आहे, पंख वर स्थिर धरून खाली सूर मारला की सुटला, त्याला ०.३ सेकंद पुरतात. दीड टनाची गाडी रबराच्या चार टायरवर उभी आहे. म्हणजे गाडीसाठी हीच पेशी कितीतरी लहान कोनावर जागी व्हायला हवी, आणि लहान कोनावर जागी केली की प्रत्येक झाडाची सावली, प्रत्येक खांब, रस्त्यावरचा प्रत्येक पांढरा पट्टा तिला जागं करणार. खोटे अलार्म आणि उशीर, या दोघांची अशी ओढाताण.

त्यात २५ फ्रेमचा कॅमेरा धरला तर दोन फ्रेममध्ये ४० मिलिसेकंद जातात, ५० च्या वेगाला तेवढ्यात गाडी अर्धा मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. सलग पाच फ्रेम वाट बघून मग अलार्म द्यायचा म्हटलं की पावणेतीन मीटर गेले.

पर्याय काय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे अलार्मची पातळी वर न्यायची. खोटे अलार्म कमी होतात, पण वरचा हिशोब बघितला की कळतं, अलार्म उशिरा येतो, आणि उशिरा आलेला अलार्म ड्रायव्हरच्या काही कामाचा नाही.

दुसरा पर्याय, मॉडेलमधले आकडे रस्त्याला जुळवून घ्यायचे. गप्प करणाऱ्या सिग्नलचं वजन किती, पातळी किती, किती फ्रेम वाट बघायची, असे अनेक आकडे होते आणि ते टोळासाठी बरोबर असले म्हणून गाडीसाठी बरोबर असायचं कारण नाही. हातानं जुळवणं अशक्य, कारण एक हलवला की दुसरा बिघडतो.

तिसरा पर्याय म्हणजे मॉडेलमध्ये जीवशास्त्रात नसलेला एखादा थर टाकायचा, जो विखुरलेले एकटे-दुकटे पिक्सेल फेकून देईल आणि गटानं आलेले ठेवेल. कारण खरी वस्तू म्हणजे एकत्र असलेल्या कडा, पानांची सळसळ म्हणजे विखुरलेले ठिपके.

चौथा, दुसऱ्या किड्याकडून उसनं घ्यायचं. माशीच्या डोळ्यात हालचालीची दिशा सांगणारी रचना असते, दोन शेजारी बिंदूंमधला सिग्नल थोडा उशीर लावून ताडून बघायचा की कळतं हालचाल डावीकडे आहे की उजवीकडे. ही रचना फार आधीपासून माहीत होती आणि गणितात मांडलेलीही होती.

आणि पाचवा पर्याय जो त्या काळात गाडी कंपन्यांसमोर उघड होताच, तो म्हणजे कॅमेऱ्याच्या नादाला न लागता रडार किंवा लेझर लावायचा आणि अंतर सरळ मोजायचं. या प्रोजेक्टचा तो विषय नव्हता, पण बाजूला हे चालू होतं हे लक्षात ठेवायला हवं.

काय केलं

टीमनं पहिला टाळून पुढचे तिन्ही करून बघितले, आणि मला यातली शिस्त आवडते कारण प्रत्येक पायरी वेगळी मांडून तपासली गेली.

आकडे जुळवायला त्यांनी जेनेटिक अल्गोरिदम वापरला. वेगवेगळे आकडे असलेली बरीच मॉडेलं तयार करायची, सगळ्यांना गाडीचे व्हिडिओ दाखवायचे, त्यात गाड्यांना धडकल्याचेही आणि न धडकल्याचेही, जी बरी ठरतील ती ठेवायची, त्यांच्यात थोडे बदल करायचे, परत तेच. चांगल्या मॉडेलच्या जास्त नकला पुढच्या पिढीत ठेवल्या तर जुळवणी लवकर होते असं दिसलं. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. शेवटी मिळालेलं मॉडेल धडकेला जागं होत होतं आणि धडक नसलेल्या बहुतेक दृश्यांना गप्प राहत होतं.

त्या 'बहुतेक' शब्दावर सगळं अडकलं होतं. पेपरसाठी बहुतेक हा चांगला निकाल आहे. रोज तासभर गाडी चालवणाऱ्या माणसासाठी नाही, त्याच्या समोरून त्या तासात शेकडो धडक नसलेली दृश्यं जातात आणि खरी धडक कदाचित आयुष्यात एकदा.

गट ओळखणाऱ्या थराचं कामही त्याच वर्षी पुढे आलं, त्यानं गुंतागुंतीच्या पार्श्वभूमीत बरीच मदत केली.

पण माझ्या मते कळीचा निर्णय २००७ चा. तेव्हा टीमला एक गोष्ट दिसली जी आधीच्या कामात झाकली गेली होती. शेवटच्या पेशीआधीचे जे थर आहेत ते गाळणीचं काम उत्तम करतात, त्यातून पार होऊन फक्त दोनच प्रकारची दृश्यं उरतात, अंगावर येणारी आणि आडवी जाणारी. म्हणजे गोंधळ सगळीकडे नव्हता, नेमका या दोघांत होता. मग त्या गाळलेल्या चित्रावर माशीची दिशा ओळखणारी रचना बसवली, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार दिशांसाठी चार पेशी. वस्तू अंगावर येत असेल तर कडा चारही दिशांना पसरतात आणि चारही पेशी बोलतात. आडवी जात असेल तर एकच बाजू जोरात बोलते. टोळाची पेशी ओरडते आहे आणि चारही दिशांचा पसारा आहे, तरच अलार्म. यामुळे वेगवेगळ्या रस्त्यांवरच्या चाचण्यांत खोट्या अलार्मचा प्रश्न बराच सुटला.

हे वाचताना मला नेहमी वाटतं, टोळ आणि माशी हे दोन प्राणी निसर्गात कधी एका मेंदूत येणार नाहीत, पण इंजिनिअरला तशी काही अट नाही. प्राण्याची हुबेहूब नक्कल करायचा हट्ट सोडला तिथे काम पुढे गेलं.

निष्पत्ती

शोरूममधल्या गाडीत टोळाची पेशी आली नाही.

व्होल्वोनं २००८ मध्ये एक्ससी ६० गाडीत सिटी सेफ्टी नावाची सिस्टीम दिली, ताशी ३० किमीच्या आत समोरची गाडी थांबली आणि ड्रायव्हरनं काही केलं नाही तर गाडी आपोआप ब्रेक मारते. ती चालत होती काचेवर आरशामागे बसवलेल्या लेझर सेन्सरवर. वेगातला फरक ताशी १५ किमीच्या आत असेल तर धडक पूर्ण टळू शकते, त्यावर असेल तर जोर कमी होतो, असा तिचा मर्यादित आणि स्पष्ट दावा होता. अमेरिकेतल्या विमा दाव्यांचा अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात या गाडीचे दुसऱ्यांच्या मालमत्तेच्या नुकसानीचे दावे तिच्या वर्गातल्या बाकी गाड्यांपेक्षा २७ टक्के कमी निघाले. २०१० मध्ये एस ६० मध्ये रडार आणि कॅमेरा मिळून पादचारी ओळखणारी सिस्टीम आली. कॅमेरा आला खरा, पण किड्यासारखा कडांची शर्यत बघणारा नाही, 'हा माणूस आहे' असं आकारावरून ओळखणारा.

मग टोळाचं काम वाया गेलं का? अजिबात नाही. न्यूकॅसलहून ते इंग्लंडमधल्याच लिंकन विद्यापीठात गेलं, तिथे कोलियास नावाच्या मुठीत मावणाऱ्या छोट्या रोबोंवर ते चालवलं गेलं. २०२० मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या टीमनं अणूंच्या काही थरांएवढ्या पातळ मोलिब्डेनम डायसल्फाइडचा प्रकाश-सेन्सर बनवला, ज्यात सेन्सरमध्येच वाढणारा आणि दाबणारा असे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध चालतात, म्हणजे टोळाच्या पेशीचंच तत्त्व, आणि त्याला लागणारी ऊर्जा नॅनोज्यूलमध्ये. ड्रोन, गोदामातली छोटी वाहनं, जिथे बॅटरी इवलीशी आणि वेग कमी, तिथे ०.३ सेकंद खरोखर पुरतात. पेशी चुकीची नव्हती, ती ज्या वजनाच्या आणि वेगाच्या अंगासाठी बनली होती त्यापासून गाडी फार लांब होती.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा अगदी सुरुवातीची आहे. प्रश्न असा ठरला की टोळासारखं धडक ओळखणारं यंत्र बनवायचं. माझ्या मते पहिल्याच दिवशी वेगळा प्रश्न विचारायला हवा होता: चुकीचा अलार्म झाला तर कोणाचं किती नुकसान होतं? टोळानं उगाच एकदा खाली सूर मारला तर त्याचं जातं काय, थोडी उंची आणि थोडी ताकद. वर एकच गोष्ट परत परत दिसली की त्याची पेशी सरावते आणि कमी ठोके देते. गाडीनं महामार्गावर उगाच ब्रेक मारला तर मागचा ट्रक आत येतो. आणि नुसता आवाजच केला तरी ड्रायव्हर काही दिवसांत ती सिस्टीम बंद करून टाकतो, आपल्याकडे ॲडासवाल्या गाड्या घेतलेल्या कितीतरी लोकांनी पहिल्याच महिन्यात शहरातले अलर्ट बंद केलेत, कोणालाही विचारा. प्राण्याकडून रचना उचलताना त्या प्राण्याला चूक किती स्वस्त पडते हे सोबत उचललं जात नाही, ते आपलं आपल्याला वेगळं मांडून घ्यावं लागतं. हे आधी मांडलं असतं तर आडव्या हालचालीचा प्रश्न पहिल्या वर्षीच समोर ठेवून काम सुरू झालं असतं, २००७ पर्यंत थांबावं लागलं नसतं.

दुसरी जागा व्हिडिओंची. जेनेटिक अल्गोरिदम जे दाखवाल तेच शिकतो. धडकेची दृश्यं जमवणं कठीण आणि महाग असतं हे मान्य, पण धडक नसलेली दृश्यं फुकट मिळतात, रोज गाडी काढली की तासाला शेकडो. ती ढिगानं जमवून त्यांच्यावर आधी झगडायला हवं. याचं दुसरं उदाहरण याच कंपनीच्या बाबतीत २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसलं, स्वीडनमधल्या मूस हरणांवर तयार झालेली प्राणी ओळखणारी सिस्टीम कांगारूपुढे गोंधळली, कारण ती जमिनीच्या आधारानं अंतराचा अंदाज घेते आणि कांगारू उडी मारून हवेत गेला की लांब वाटतो, खाली आला की जवळ. कोणाची चूक म्हणून हे सांगत नाही, त्यांनी ती त्रुटी शोधली आणि उघड बोलून दाखवली हे चांगलंच. पण रस्ता बदलला की प्राणी बदलतो.

तिसरी जागा म्हणजे एकट्या सेन्सरवर विसंबायचं की नाही. टोळाच्या पेशीला अंतर कळत नाही, पण काहीतरी वेगानं मोठं होतंय हे फार लवकर आणि फार कमी खर्चात कळतं. लेझरला अंतर कळतं पण त्या काळी ते काही मीटरपुरतंच. मला वाटतं तिला मुख्य न्यायाधीश करण्याऐवजी पहिला पहारेकरी करायला हवं होतं, तिनं फक्त 'इकडे बघ' म्हणायचं आणि महागड्या सेन्सरनं त्या कोपऱ्यात नीट बघून ठरवायचं. असं केलं तर तिचे खोटे अलार्म ड्रायव्हरपर्यंत पोचतच नाहीत, फक्त आतल्या आत थोडं जास्त काम होतं. आज जे इव्हेंट कॅमेरे येताहेत, जे फ्रेम न पाठवता फक्त बदललेले पिक्सेल पाठवतात, त्यांच्यावर तर हे अजून सोपं, वजाबाकीची पायरीच हार्डवेअरमध्ये झालेली असते आणि ४० मिलिसेकंदांची वाट बघणं संपतं.

आपल्याकडे कोणी कॉलेजच्या प्रोजेक्टला हे मॉडेल घेणार असेल, आणि घ्यावं, कारण साध्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये शंभरेक ओळींत ते उभं राहतं, तर माझं सांगणं एवढंच की पहिला व्हिडिओ मोकळ्या रस्त्यावरचा घेऊ नका. डावीकडून घुसून पुढे जाणाऱ्या बाईकचा घ्या, ती आडवी जाते की अंगावर येते हे पहिल्या अर्ध्या सेकंदात मॉडेलला सांगता येतं का बघा. स्पीडब्रेकरवरून गाडी आपटतानाचा घ्या, तिथे सगळं दृश्य वर-खाली होतं आणि सगळ्या पेशीला दाबणारी वाट बरोबर त्याच क्षणी समोरचा खरा माणूसही झाकून टाकते का ते तपासा. वळणावरचा घ्या, तिथेही तोच धोका.

आणि साखर हंगामात सांगली, कोल्हापूर, नगरकडच्या रस्त्यावर रात्री ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन उसाच्या ट्रॉल्यांचा एक जरूर घ्या. दिवसा ही ट्रॉली मॉडेलला छान सापडेल, अडीच मीटर रुंद, बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या कडाच कडा. रात्री मागे बऱ्याचदा दिवा नसतो, उसाचा काळपट ढीग आणि काळं आकाश यांत फरक नाही, वजाबाकीत कडाच येत नाहीत, आणि कडा नाहीत तर शर्यतही नाही, अलार्मही नाही. ट्रॉलीच्या मागच्या फळीला आडवी लाल रिफ्लेक्टर पट्टी लावून तोच व्हिडिओ परत घ्या, आपल्या हेडलाइटच्या उजेडात ती पट्टी फ्रेमगणिक कशी लांबत जाते ते वजाबाकीच्या चित्रात स्वच्छ दिसेल. ती पट्टी आत्ताच्या ड्रायव्हरच्या डोळ्यालाही तेवढीच उपयोगी पडते, म्हणून प्रोजेक्ट झाल्यावर काढू नका, ट्रॉलीवाल्याकडेच राहू द्या.